दुपारी बंद, चारला चालू: सोलर इन्व्हर्टरच्या 'ओव्हरव्होल्टेज'चा माग

"भाऊ, तुमचं ते सोलर आजही बंद पडलं न. रोज बाराले बंद पडते अन् चार वाजले का आपसूक चालू होते. उन्ह तर कडक हाये. काहून होते असं?"

दारव्ह्याकडच्या एका गावातून फेब्रुवारीच्या एकाच आठवड्यात हा फोन मला तीनदा आला. बोलणारे निवृत्त गुरुजी. घर गावाच्या टोकाला, त्याच्या मागे लगेच तुरीचं वावर. छतावर ३ किलोवॅटचे पॅनेल, त्यांची वीज घराच्या आणि लाइनच्या जोगी करून देणारा इन्व्हर्टर ओसरीत. बसवणाऱ्या एजन्सीनं आदल्या वर्षी ह्याच तक्रारीवर इन्व्हर्टरच बदलून दिला होता. नवा आला मार्चअखेर. एप्रिल, मे, सगळं गुण्यागोविंदानं चाललं आणि गुरुजींनी मानलं की जुना इन्व्हर्टरच खराब होता. दिवाळी झाली, थंडी पडली आणि पुन्हा तोच लाल दिवा.

एप्रिलमध्ये आपोआप बरा होणारा बिघाड विदर्भात मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो: कूलर लागले का? होळीनंतर गावात घरोघरी कूलर सुरू होतात, दुपारचा लोड वाढतो, लाइनचं व्होल्टेज खाली येतं आणि इन्व्हर्टर गप गुमान चालतो. दिवाळी ते होळी पंखेही बंद असतात, ऊन मात्र स्वच्छ. पॅनेल थंड असल्यामुळे वीज चांगली बनते आणि ती गावात कोणी वापरत नाही. तेव्हाच व्होल्टेज चढतं. म्हणजे मार्चमध्ये जो कोणी मेकॅनिक येऊन गेला, श्रेय त्याला. काम कूलरनं केलेलं.

तर पहिली गोष्ट, काही उघडण्याआधी, काही बदलण्याआधी: वही घ्या. इन्व्हर्टर बंद पडल्याची वेळ, स्क्रीनवरचा एरर आणि त्या वेळचं व्होल्टेज, आठ दिवस लिहा. 'ओव्हरव्होल्टेज', म्हणजे व्होल्टेज मर्यादेच्या वर, हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या दुखण्यांसाठी वापरला जातो. भर दुपारी येतो तो बहुतेक लाइनचा. थंडीच्या सकाळी सात-आठला येतो तो पॅनेलच्या बाजूचा. आणि आभाळ गडगडल्यावर जे होतं त्यात कधी कधी एररही दिसत नाही, कारण दाखवायला इन्व्हर्टरच्या आतलं कार्डच उरत नाही.

दुपारचा एरर: २५३ची भिंत

आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट धरतात. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेल्या सोलरसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३चे नियम आहेत. त्यांत सांगितलंय की व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर इन्व्हर्टरनं २ सेकंदांच्या आत लाइनपासून वेगळं व्हायचं. २३०चे ११० टक्के म्हणजे २५३. लाइन पुन्हा ठीक झाली तरी तो लगेच जुळत नाही, किमान ६० सेकंद वाट पाहतो. म्हणून गुरुजी ज्याला 'बंद' म्हणतात ते खरं तर बारा ते चार चालू-बंद, चालू-बंद. इन्व्हर्टर बिघडलेला नाही, तो नियम पाळतो आहे. हे ग्राहकाला पटवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, कारण युनिट त्याचे बुडत असतात. ३ किलोवॅटवर चांगल्या दिवशी १२ युनिटच्या आसपास बनतात आणि त्यातले बरेचसे अकरा ते तीनमधलेच.

आता २५३ ही भिंत किती जवळ आहे ते बघा. आपल्या गावातल्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, रचना ११ हजार व्होल्टचे ४३३ करण्याची. ४३३ हे दोन फेजमधले. एका फेज-न्यूट्रलमध्ये ते भागिले १.७३२, म्हणजे बरोबर २५०. डीपीवर लोड नसेल आणि वरची लाइन पूर्ण ११ हजारांवर असेल तर डीपीखालच्या घरात २५० येणार, तेही कोणाचा काही दोष नसताना. तुमच्यासाठी उरले तीन व्होल्ट.

ह्यात भर घालतो तुमचाच इन्व्हर्टर. वीज बाहेर ढकलायची तर त्याला लाइनपेक्षा थोडं वरचं व्होल्टेज ठेवावं लागतं, पाणी चढावर न्यायला पंपाला दाब लागतो तसं. तार जितकी बारीक आणि लांब, तितका दाब जास्त.

म्हणून दुसरी गोष्ट. ऊन कडक असताना, बाराच्या सुमारास, मीटरपाशी दोनदा व्होल्टेज मोजा. एकदा इन्व्हर्टर चालू, पूर्ण वीज देत असताना. मग एसीडीबीतला, म्हणजे इन्व्हर्टर आणि मीटरच्या मधल्या डब्यातला, एमसीबी पाडून पाच मिनिटं थांबून पुन्हा. मल्टिमीटर कॅट-थ्री दर्जाचा (मेन लाइनवर मोजायला सुरक्षित) असू द्या, बाजारातला दीडशे रुपयांचा पिवळा डबा ह्या कामाला नको. त्याची आतली सुरक्षा ह्या जागेसाठी बनलेलीच नसते.

इन्व्हर्टर बंद असतानाही २५०-२५२ असेल तर दुखणं लाइनचं. बंद असताना २४०-२४५ आणि चालू झाल्यावर २५४-२५५ असेल तर दुखणं तुमच्या खांब-ते-घर तारेचं, किंवा सांध्याचं.

गुरुजींकडे बंद असताना २४४, चालू असताना २५४. खांब घरापासून ६० मीटर, आणि वीस वर्षांपूर्वी दोन बल्ब आणि एका पंख्यासाठी ओढलेली ४ स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम सर्व्हिस वायर. ह्या वायरचा रोध किलोमीटरमागे सुमारे ७.४ ओहम. जाऊन-येऊन १२० मीटर म्हणजे ०.८९ ओहम. घरातला फ्रिज वगैरे वजा जाता बाहेर जाणारा करंट साडेअकरा अँपिअर धरला तर दहा व्होल्ट चढले. मोजलं तेवढंच आलं. गुरुजींना गणित आवडलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि एजन्सीवाल्यानं हे गणित का केलं नाही, असं मला विचारलं. मी गप्प राहिलो. खांबावर न चढता, सर्व्हिस वायर न बघता फक्त छत मोजून परत जाणारे आमच्यातच खूप आहेत.

१६ स्क्वेअरच्या अ‍ॅल्युमिनियमचा रोध किलोमीटरमागे १.९ ओहम. तेवढ्याच अंतरात, तेवढ्याच करंटला चढ अडीच-पावणेतीन व्होल्टच. तार बदलण्याआधी सांधे मात्र बघून घ्या. अ‍ॅल्युमिनियमची तार थेट तांब्याच्या तारेला पिळून वर टेप गुंडाळलेली असते, आणि तो सांधा दोन पावसाळ्यांत आतून काळा पडतो. टेप सोडली की प्लॅस्टिक भाजल्याचा वास येतो. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं जोडायचा द्विधातू लग किंवा कनेक्टर लावला की कधी कधी तार बदलायची गरजच राहत नाही. खांबावरचा सांधा आणि तिथून मीटरपर्यंतचं सगळं वीज कंपनीच्या माणसाचं काम, हे वेगळं सांगायला नको. आपल्या हातून शिडी लावून खांबावर जाऊ नका. शेजारच्या घरचा इन्व्हर्टर-बॅटरी चुकीनं उलटी वीज टाकत असेल तर लाइन बंद असूनही जिवंत असते.

दोष लाइनचा निघाला तर वीज कंपनीच्या १९१२ नंबरला तक्रार नोंदवा आणि सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या. अर्जात 'सोलर चालत नाही' लिहिलं की तो सोलरवाल्याकडे परत येतो. 'मीटरवर इन्व्हर्टर बंद ठेवून अमुक तारखेला अमुक वाजता इतके व्होल्ट' असं आठ दिवसांचं लिहिलं की तो अर्ज लाइनचा होतो. वही त्यासाठीच. डीपीला टॅप, म्हणजे व्होल्टेज थोडं खाली-वर करायची सोय, असेल तर तो एक पायरी खाली घेता येतो. सगळ्या लहान डीपींना टॅप नसतो, आणि असला तरी डीपी पूर्ण बंद करूनच तो फिरवायचा असतो. टॅप खाली घेतला की रात्री सगळ्यांचे कूलर चालू असताना टोकाच्या घरी १९० येतील, ही लाइनमनची शंका रास्त असते. ती ऐकून घ्या.

त्यापेक्षा सोपा उपाय बहुतेकदा फेजचा असतो. पीएम सूर्यघर योजनेत फेब्रुवारी २०२४ पासून गावात सोलर पटापट लागले. ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी म्हटल्यावर लागणारच. सिंगल फेजचे चार-पाच सोलर एकाच डीपीवर एकाच फेजला आले की दुपारी तोच फेज चढतो, बाकीचे दोन निवांत. एक-दोन घरं दुसऱ्या फेजवर घेतली की फरक पडतो. कनेक्शन थ्री फेज असेल आणि इन्व्हर्टरही थ्री फेज घेतला तर तेवढीच वीज ढकलताना तारेतला चढ सहाव्या हिश्शावर येतो, कारण करंट तीन ठिकाणी वाटला जातो आणि न्यूट्रलमधून परतीचा करंट जवळपास राहत नाही.

"सेटिंग वाढवून द्या न भाऊ"

हे मला प्रत्येक ठिकाणी ऐकावं लागतं, आणि काही जण करूनही देतात. इन्व्हर्टरच्या मेनूत देश निवडायचा असतो. भारताऐवजी दुसरा कुठला तरी देश टाकला की मर्यादा २६०-२७०वर जाते आणि लाल दिवा थांबतो. ग्राहक खूष, मेकॅनिकला चहा.

मी ते करत नाही. इन्व्हर्टर २६५वर चालत राहिला म्हणजे घरातला फ्रिज, टीव्ही आणि एलईडी बल्बही २६५वर चालतात. महिन्याला एक बल्ब जातो आणि शिव्या बल्ब कंपनीला बसतात. त्यापुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. लाइन गेली की इन्व्हर्टरनं स्वतः बंद व्हायचं, ह्याला अँटी-आयलँडिंग म्हणतात, आणि त्याची चाचणी आयएस १६१६९ ह्या भारतीय मानकाप्रमाणे होते. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा हे त्या संरक्षणाचे डोळे आहेत. दुसऱ्या देशाचा कोड टाकला की ह्या दोन्ही मर्यादा एकदम बदलतात. खांबावर चढलेला पोरगा आपल्याच गावचा असतो.

"मग स्टॅबिलायझर लावतो." त्यानंही जमत नाही. घरचा स्टॅबिलायझर लाइनकडून घराकडे येणारी वीज सांभाळतो. इन्व्हर्टरला वीज उलटी, लाइनकडे द्यायची असते, आणि लाइनचं व्होल्टेज त्याला बघावंच लागतं.

दुपारी वीज वापरणं हा मात्र खरा उपाय आहे. टाकीची मोटर, गिरणी, कपड्यांचं मशीन, पाणी तापवण्याचा हीटर, जे सकाळी सहाला चालवता ते बारा ते दोनमध्ये चालवा. ढकलायचा करंटच कमी झाला की चढही कमी.

एक अपवाद, तिथं थांबू नका

व्होल्टेज चढून २५५ नाही, एकदम २८०-३०० दिसलं, किंवा मिनिटामिनिटाला १८०वरून २७०वर उड्या मारत असेल तर वही-बिही बाजूला ठेवा आणि मेन स्विच पाडा. ते बहुतेक डीपीचं किंवा लाइनचं न्यूट्रल सुटल्याचं लक्षण. तीन फेजच्या मधला खुंटा निखळला की ज्या फेजवर लोड कमी त्या घरात व्होल्टेज ४००च्या दिशेनं जातं. एका घरात बल्ब मिणमिणतो आणि त्याच वेळी समोरच्या घरात डोळे दिपतात, ही त्याची खूण. इन्व्हर्टर दोन सेकंदांत सुटा होऊन बहुतेकदा वाचतो, पण टीव्ही आणि फ्रिज तिथंच असतात. अशा वेळेसाठी मेनपाशी ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ बसवणं हा सोलर असो-नसो पैसे वसूल करणारा खर्च आहे.

सकाळचा एरर

हा थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी 'पीव्ही ओव्हरव्होल्टेज' येत असेल तर लाइनमनला बोलावू नका. पॅनेल थंड झाले की त्यांचं व्होल्टेज वाढतं, २५ अंशांच्या खाली प्रत्येक अंशाला पाव टक्क्यापेक्षा थोडं जास्त. ४९.५ व्होल्टचे ११ पॅनेल एका ओळीत म्हणजे कागदावर ५४५. सकाळी ८ अंश असताना तेच ५७०च्या घरात. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ५५० असेल तर रोज सकाळी तुम्ही त्याच्या छातीवर बसताय. एक पॅनेल कमी करणं हाच इलाज, आणि तो बसवणाऱ्याकडून फुकट करून घ्या. डीसीच्या, म्हणजे पॅनेलकडच्या, बाजूला स्वतः हात घालू नका. चालू करंटवर पॅनेलची जोडणी ओढली तर ठिणगी विझत नाही, एसीसारखा तिथं करंट शून्यावर येत नाही. आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर, मग पुढचं.

गडगडाट आणि एसपीडी

दुपारच्या एररवर "एसपीडी खराब असेल" असं सांगून दोन हजारांचा नवा एसपीडी गळ्यात मारणारे भेटतात. एसपीडी म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, तो सर्जसाठी असतो. सर्ज म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या भागात येऊन जाणारा हजारो व्होल्टचा झटका. वीज कोसावर पडली तरी तारेत तो येतो. तासभर टिकणारे २५५ व्होल्ट एसपीडीला दिसतही नाहीत. उलट न्यूट्रल सुटून ३५०-४०० टिकले तर २७५ व्होल्टचा एसपीडी स्वतःच भाजून जातो.

पण एसपीडी लागतोच, दोन्ही बाजूंना. डीसीच्या बाजूला आयईसी ६१६४३-३१ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, एसीच्या बाजूला ६१६४३-११चा. एसीचा एसपीडी डीसी डब्यात बसवलेला मी दोन ठिकाणी काढला आहे. घरावर वीजरोधक दांडा असेल तर टाइप १ (थेट पडलेल्या विजेचा झटका पेलणारा) लागतो, नसेल तर टाइप २ चालतो. पॅनेल ते इन्व्हर्टर तार १० मीटरपेक्षा लांब असेल तर डीसीचा एसपीडी दोन्ही टोकांना हवा. इन्व्हर्टर घेताना आयएस १६२२१ भाग २ आणि आयएस १६१६९ हे दोन्ही बघा. २०१७च्या आदेशानं ते सक्तीचे केले.

एसपीडीचा डबा उघडून दोन गोष्टी बघा. पहिली, एसपीडीची खिडकी. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे मेलेला. मेलेल्या एसपीडीवरही सोलर छान चालतो, म्हणून दोन-दोन वर्षं कोणी बघत नाही. दुसरी, त्याच्या तारा. उरलेली वायर गोल गुंडाळून डब्यात कोंबलेली असते, दिसायला टापटीप. सर्जला मात्र ती गुंडाळी म्हणजे भिंत. सरळ तारेतही मीटरमागे हजार व्होल्टच्या आसपास वाढतात असा ढोबळ हिशेब धरतात. फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थ पट्टीपर्यंत मिळून अर्धा मीटर, त्याहून जास्त नको.

मग अर्थिंग. इथं आपली काळी माती आडवी येते. पावसाळ्यात ती फुगते, अर्थिंगला घट्ट धरते, ओहम कमी दाखवतात. मे महिन्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रॉड मातीपासून सुटतो. एकाच खड्ड्याचं माझं माप जानेवारीत ४ ओहमच्या आसपास होतं, मेअखेर १५च्या वर. कामाच्या अटींत ५ ओहम लिहिलेले असतात, आणि टेस्ट केलेली असते ती पाऊस पडून गेल्यावर. नेमक्या ह्याच कोरड्या काळात अवकाळी येतो आणि पाठोपाठ मृग. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात जास्त विजा वर्षातल्या सगळ्यात वाईट अर्थिंगवर. माप घ्यायचं तर मेमध्ये घ्या. रॉडभोवती नुसती काळी माती न भरता बेंटोनाइटचं (ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचं) मिश्रण भरा. आणि उन्हाळाभर कूलरचं जुनं खारट पाणी अंगणात फेकता, ते अर्थिंगच्या खड्ड्यात ओता. मिठाचं पोतं विकत आणायची गरज नाही.

अजून एक. वीजरोधक, एसी आणि डीसी असे तीन खड्डे करून तिन्ही एकमेकांपासून तोडलेले ठेवायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. वीज पडली की तीन खड्ड्यांची पातळी वेगवेगळी उसळते आणि तो फरक सगळा इन्व्हर्टरच्या आत फुटतो. तिन्ही जमिनीलगत जाड पट्टीनं जोडणं मला पटतं, आणि वीज संरक्षणाचं मानक आयएस/आयईसी ६२३०५ हेही सगळं एका पातळीवर बांधण्यावरच भर देतं. एजन्सीवाल्याशी ह्यावर भांडण होईल. होऊ द्या.

गुरुजींच्या घरी त्या मार्चमध्ये सर्व्हिस वायर बदलून १६ स्क्वेअरची आली, अर्जानंतर सव्वा महिन्यानं. एसपीडीची खिडकी त्यांनी जूनमध्ये स्वतःच बघितली, लाल होती, कार्ट्रिज बदललं. दिवाळीनंतर वहीत रोज दुपारचा आकडा: २४६, २४७, २४६. मी निश्चिंत होतो. परवा फोन आला.

"भाऊ, बंद नाही पडलं, पण आता २५१ दाखवते. समोरच्या पाटलानं बी सोलर बसवलं न. आपल्याच फेजवर."

दोघांच्या वह्या घेऊन सोमवारी सेक्शन ऑफिसला जायचं ठरलंय.